पावाचा कागद

आमचं मिलिंग मशीन माझ्याहून नऊ वर्षांनी मोठं.
एल्गोइबारमध्ये, देबा नदीच्या बाजूला, तळमजल्यावर.
वर एदुर्नेबाई राहतात.
दुपारी दोन ते चार कॉम्प्रेसर लावायचा नाही,
हा करार कुठे लिहिलेला नाही,
पण मोडायची आमची छाती नाही.

बाबा अजून ब्रशनं तेल लावतात.
डावा हात ब्रशवर, उजवा चाकावर,
मध्ये फिरता कटर.
ब्रशचे केस महिन्यागणिक आखूड होतात.
बोटं अजून दहाच्या दहा आहेत,
आई म्हणते नशीब,
बाबा म्हणतात हात.

मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये,
हे ॲल्युमिनियम कापणाऱ्यानं सगळ्यात आधी शिकावं.
पोलाद भांडतं आणि सुटतं.
हा लोचट धातू दातांच्या बेचक्यात वितळून बसतो,
मग कटर कापत नाही, नुसता रगडतो.
मार्चमध्ये एका दिवसात तीन मोडले.
सायकलच्या ब्रेकचे चाळीस दांडे द्यायचे होते,
दिले एकतीस.

पाण्याची धार आम्ही पूर्वी लावून पाहिली होती.
मशीनला भिंती नाहीत;
पाणी आमच्या बुटांत,
आणि सोमवारी सकाळी टाकीला
विसरलेल्या डब्याचा आंबूस वास.

म्हणून दुरांगोहून ओयेर आला,
गाडीच्या डिकीत दोन यंत्रं घेऊन.
आठवडाभर वापरा, म्हणाला, मग सांगा.

पहिलं देखणं.
हवा बाटलीतलं तेल ओढायची
आणि तोंडीतून धुकं सोडायची,
पांढरं, मऊ, डोंगरावरून उतरणाऱ्यासारखं.
कटर थंड. कीस दूर उडायचा, चकचकीत, सुटा.
बाबा खूश. ब्रश खिळ्याला अडकवला.
मीही खूश होते, सव्वापाचपर्यंत.

सव्वापाचला वरच्या झरोक्यातून
उन्हाचा एक पट्टा आत येतो,
वीस मिनिटं राहतो.
मी हवा बंद केली आणि घड्याळ पाहिलं.
पट्ट्यातलं धुकं हललं नाही.
चार मिनिटं. सात.
बाबा त्यातच उभे, कॅलिपर पुसत,
तेच धुकं आत घेत, तेच बाहेर सोडत.
अकराव्या मिनिटाला ते खोकले.
केपाकाका फाउंड्रीतून घरी आले तेव्हा
असंच खोकत आले होते.
आमच्याकडे त्याबद्दल बोलत नाहीत.

दुसरं यंत्र दुप्पट किमतीचं
आणि दिसायला काहीच नाही.
नळीच्या आत नळी; तेल आणि हवा
तोंडाशी येईपर्यंत एकमेकांना भेटतच नाहीत.
हवेचा जोर बेताचा, थेंब जाड.
बाबा म्हणाले, हे चालू तरी आहे का?
मी सकाळच्या पावाचा कागद
तोंडीसमोर धरला. पाच आकडे मोजले.
कागदावर डाग उठले,
तीळ पेरल्यासारखे, एकेक वेगळा.

मग उन्हाची वाट पाहिली.
पट्ट्यात नेहमीचीच धूळ,
कपड्यांची, रस्त्याची, आपली आपली.
तेल जिथे पडायचं तिथे पडलं होतं.

बाबांनी कागद झरोक्याकडे धरून पाहिला,
उलटा करून पाहिला,
चार घड्या घातल्या
आणि जिथे पट्टी ठेवतात त्या खिशात टाकला.
किमतीबद्दल अवाक्षर नाही.
फक्त विचारलं, स्क्रू किती मागे?
एक आटा, मी म्हटलं. ते म्हणाले, पाऊणच बरा.

पाऊणच बरा निघाला.

आता हवा इतकी कमी लागते
की टाकी एकदा भरली की बराच वेळ पुरते.
काल सव्वादोनला बाबांनी हळूच एक खाच कापली.
कॉम्प्रेसर गप्प होता.
आम्ही दोघं छताकडे बघत राहिलो.
एदुर्नेबाईंची खुर्ची सरकली, थांबली.

ब्रश खिळ्यावरच आहे.
खालच्या फरशीवर तेलाचा एक गोल,
रोज थोडा मोठा होतो.