विळा परत मिळणेबाबत

नाशिकला, कलेक्टर कचेरीच्या मागच्या खोलीत,
डांबरगोळ्यांच्या वासाखाली
आमचं गाव सापडलं. शाई अजून काळी होती.

काडतुसे खर्च : सत्तावीस.
मयत इसम : सुमारे नऊ.

सत्तावीसला 'सुमारे' नाही.

खाली जप्तीची यादी. विळे एकेचाळीस,
प्रत्येकाची खूण कुणीतरी सावकाश, वळणदार लिहिलेली :
मूठ सागाची. मूठ चिंध्यांची. पातं झिजलेलं.
क्रमांक तेवीस : मूठ खैराची, दाते उलटे, बहुधा डावखुऱ्याचा.

पाड्यावर डावखुरा एकच, बुध्या भोये, माझा पणजा.
जंगलात गवत कापायला बंदी होती
म्हणून तो गवत कापायला गेला,
सगळ्यांबरोबर, दिवसाढवळ्या.
गाणं म्हणत गेले म्हणतात. कुठलं, ते कुणाला आठवत नाही.

त्या कार्तिकात नागली पिकून उभी
आणि उंबरदहाडात विळा नाही एकही.
बायांनी कणसं हातांनी खुडली.
जेठीची बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत.
तिची भाकर एका अंगाला जाड व्हायची,
असं आई सांगते. हसत सांगते.

'परत मिळाल्याची सही' : रकाना कोरा.

मी तिथंच बाकावर अर्ज लिहिला.
खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर सारला,
मयताशी नातं विचारलं, पुरावा विचारला.
पेन माझ्या डाव्या हातात होतं.
त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे.
शिक्का मारला. म्हणाल्या,
पावती जपून ठेवा.