कठड्याचं माप

नोल्बेर्तो मंगळवारी येतो म्हणाला, आला शनिवारी.
मधले चार दिवस बाबा खिडकीत बसून
त्याच्या वतीने सबबी सांगत राहिले:
वारा असेल.
मशीन बिघडलं असेल.
बंदरात कुणाची तरी बोट फुटली असेल.

वालपराईसोच्या या टेकडीवर घरं पत्र्याची
आणि खारं वारं रात्रभर चरत असतं.
सकाळी कठड्याला हात लावावा
तर तळव्याला विटकरी रंग,
मग पावालाही त्याचीच चव.

रस्त्यापासून दारापर्यंत एकशे बारा पायऱ्या,
शेवटच्या एकोणीस आमच्या.
त्या एकोणिसांचा कठडा खालून सुटून
दरीत डोकावत होता,
आणि बाबांचा डावा पाय
फेब्रुवारीपासून त्यांचं ऐकत नव्हता.

ओर्लांदिनाबाई म्हणाल्या होत्या, त्यालाच बोलाव.
तोंडाळ आहे, पण त्याने केलेलं फाटक
माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त टिकलं.

तो आला. मशीन खांद्यावर, भाचा मागे, केबल त्याच्या गळ्यात.
हातोडीने एकेक गज वाजवत गेला:
चांगला टणकन बोलतो,
सडका खोकतो.
अकरा खोकले.
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हिशेब मांडला,
अर्धे आधी, मालाचे.
मी घासाघीस केली, त्याने कपाळाला हात लावला,
दोघांनी आपापलं काम चोख केलं.

मग टेप काढला, बघितला, परत खिशात टाकला.
दोन एलेउतेरिओ, जरा उभे राहा.
हात सोडा. धरायचा म्हणून नाही, नुसता पडू द्या.
जिथे पडला तिथे भिंतीवर खडूची रेघ.
मग म्हणाला,
उतरताना कठडा उजव्या हाताला.
आणि चढताना?

कुणी बोललं नाही.
डॉक्टरांनी विचारलं नव्हतं,
मीही नाही. मी तर
फक्त ते पडू नयेत एवढंच धरून बसले होते.
बाबांनी मात्र हिशेब कधीच केला असावा:
खाली जाता येईल,
परत येता येणार नाही.
म्हणूनच सहा महिने म्हणत होते,
खाली आहे काय आता, सगळे मेले.

भिंतीच्या बाजूनेही एक नळी लावू, नोल्बेर्तो म्हणाला.
पुठ्ठ्यावरचा आकडा त्याने खोडला नाही,
शेजारी दुसरा लिहिला.
या वेळी मी घासाघीस केली नाही.

मशीन लावल्याबरोबर अख्ख्या जिन्याचे दिवे मलूल झाले.
वरच्या घरातून शिव्या आल्या, मॅच चालू होती.
गल्लीतली पोरं जमली. बघू नका, आंधळे व्हाल, तो ओरडला,
तर बाबांनी आतून स्वतःचा एक्स-रे आणवला
आणि पोरं आळीपाळीने
त्यांच्या खुब्याच्या हाडातून
तो निळा तारा बघू लागली.
मीच हिसकावून घेतला.
घेता घेता एकदा पाहिलंच मी.

संध्याकाळी बोटीचा उरलेला हिरवा रंग.
दोन दिवस हात लावायचा नाही, बजावलं त्याने.
चहा घेतला, पाव बुडवून खाल्ला,
उरलेले पैसे न मोजता खिशात घातले
आणि पायऱ्या उतरताना पाठ फिरवून मोजले.

रविवारी सकाळी बाबांची खुर्ची रिकामी.
मी दारात. खाली बेकरीच्या कोपऱ्यावर
त्यांची टोपी, पिशवी,
आणि कुणाशी तरी भांडण, पावाच्या भावावरून.
पळत जावंसं वाटलं, गेले नाही.
एकोणीस पायऱ्यांना त्यांनी पाव तास घेतला.
वर आले तेव्हा दोन्ही कडांवर पंजे उमटले होते,
उजवा तळवा हिरवागार,
पावावर पाच हिरवी बोटं.

नोल्बेर्तोला दाखवलं तर चिडला.
जिथे रंग निघाला तिथूनच मीठ शिरणार, म्हणाला,
पुन्हा हात फिरवावा लागेल.
बाबा म्हणाले, राहू दे.

त्याने बाबांच्या पंज्यावर पंजा ठेवून पाहिला.
बरं, म्हणाला. दोन वर्षांनी बघू.
येतो मंगळवारी.