फक्की

ऐरोलीच्या मैदानावर लांब उडीचा खड्डा,
कालच ओतलेली ब्रासभर रेती,
मागे खाडी, विजेचे मनोरे,
आणि फक्कीची एक रेघ, चार बोटं रुंद.

मी गुडघ्यावर, डोळा कॅमेऱ्याला.
सेकंदाला चौदा, असं दुकानदार म्हणाला होता
हप्ते ठरवताना.
हेमकांत, माझा मेहुणा, दहा पावलांवर,
त्याचा हँडीकॅम तळहाताच्या पट्ट्यात;
हळदी, बारशी, साखरपुडे शूट करून करून
बटणावरचा लाल रंग उडालेला.
"भावजी, तुमची ती मशिनगन.
आमचा आपला नळ,
सोडला की वाहतोय."

जुईली धावली.
खर्रर्र.

रात्री टीव्हीला वायर जोडून दोन्ही पाहिलं.
माझ्या सातव्या फोटोत निळा बूट रेघेच्या अलीकडे,
आठव्यात ती हवेत,
वेणी वर, तोंड उघडं,
हात काहीतरी धरायला गेल्यासारखे.
असा फोटो एखादाच साधतो.
पण सात आणि आठच्या मधे
एक पाऊल पडलं होतं,
ते माझ्याकडे नाही.

हेमकांतकडे आहे.
थांबवलं की विरघळतं,
निळ्यात पांढरं, बूट कुठला, रेघ कुठली.
चालू दिलं की सगळं खरं:
धावण्याआधी ती पुटपुटते
(ती पुटपुटते, हे मला बारा वर्षांत ठाऊक नव्हतं),
कुणाच्या तरी बाळाचं रडणं,
पावलांची टपटप, मग नाही,
मग रेतीचा धप्प.
आणि डाव्या कोपऱ्यात एक माणूस,
तोंडाच्या जागी काळा डबा,
त्यातून येतंय खर्रर्र.
अख्खं मैदान तिच्याकडे बघतंय,
त्याचा डोळा सेकंदाला चौदा वेळा मिटतोय.

पंचांनी पांढरं निशाण वर केलं. दुसरा नंबर.
हँडीकॅम निशाणाकडे वळला,
मग टाळ्यांकडे, मग माझ्या बायकोच्या ओल्या डोळ्यांकडे.
नळ तिकडे वाहत गेला.

माझं बोट मात्र बावळटासारखं बटणावरच.
एकवीस, बावीस, तेवीस,
रेती, तिचे दोन खळगे, रेती.
चोविसाव्यात कडेला ती, ओणवी,
अंगठा थुंकीने ओला करून
बुटाच्या टोकावरची फक्की पुसतेय.

मी पटकन पुढे सरकवला.
कुणी काही म्हणालं नाही.
"ती हवेतली लावा ना परत," हेमकांत म्हणाला.
लावली.
पाठमोऱ्या जुईलीचा घास
ताटाच्या वर थांबला होता,
तो खाली आला.

कार्डात अजून आहे तो चोविसावा.
पुसायला गेलं की यंत्र विचारतं, नक्की?
मी नाही म्हणतो,
आणि दुसऱ्या दिवशी
पुन्हा विचारायला लावतो.