फिक्स रेट

काच गांधीबागेत मिळाली,
बंद पडलेल्या साडीच्या दुकानाची.
तिच्यावर लाल अक्षरात 'फिक्स रेट'.
ब्लेडने खरवडलं, पूर्ण गेलं नाही.
पत्र्याची पेटी, आतून काळी,
वर ही काच, एकवीस अंश कलती.
नागपूरचा अक्षांश तेवढा,
आयटीआयच्या सरांनी एकदा सांगितलं होतं.
बाकीचं विसरलो, एवढं राहिलं.

पिण्यासाठी नव्हतंच ते.
दिघोरीला माझं बॅटऱ्यांचं दुकान,
आणि बॅटरी ही माणसाहून नखरेल जात.
जरा क्षार पोटात गेला की बसली.
आमच्या बोअरचं तर विचारूच नका.
पातेल्याला खपली धरते, नखाने निघत नाही,
आणि मेश्रामांच्या यशोधरेच्या दातांवर
तपकिरी रेघा,
वहीला समास आखावा तशा.

मे महिना. सत्तेचाळीस.
बारा ते पाच ले-आउटमध्ये
कुत्रं दिसलंच तर नालीत, पोटापर्यंत.
घरोघरी कूलर घरघरतात,
ड्रमच्या ड्रम पितात, उडवून देतात,
त्या उडण्यालाच आपण गारवा म्हणतो.
मी गच्चीवर तेच करतो,
फक्त जाऊ देत नाही.
फरक एका काचेचा.

वाकून पाहिलं की काचेच्या पोटाला
आधी धुकं,
मग मोहरीएवढं, ज्वारीएवढं,
मग एकाला दुसरा भेटतो
आणि जड होऊन दोघं घसरतात
खालच्या पन्हाळीत, तिथून कॅनमध्ये.
'फिक्स रेट'ची सावली पाण्यावर हलत असते.
भाव खरंच ठरलेला:
दिवसाला साडेतीन लिटर.
घासाघीस नाही. आभाळ आलं तर तेवढंही नाही.

नवतपात टँकर दोन दिवस फिरकला नाही.
तिसऱ्या दिवशी मेश्रामबाई जिना चढून आल्या,
डोक्याला दुपट्टा, हातात रिकामी बरणी,
मागे यशोधरा, अनवाणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर.
"भाऊ, ते बॅटरीचं पाणी माणसाले चालते का जी?"
"त्यात ॲसिड नसतं वहिनी. वाफ असते नुसती."
आधी त्या स्वतः प्यायल्या.
थांबल्या.
"काहीच नाही लागत."
यशोधरेनं घोट तोंडात घोळवला,
आणि गिळून म्हणाली,
"काका, याले काही आठवतच नाही."

त्या दिवशी दोन इन्व्हर्टर तहानलेले राहिले.
गिऱ्हाईक ओरडलं. ओरडू दे.

शनिवारी पेटी धुतो.
तळाशी जे पांढरं बसतं
ते पत्र्याच्या तुकड्याने खरवडतो.
थोडं काचेच्या बाटलीत भरून ठेवलंय,
कोणी विचारलं तर दाखवायला:
हे रोज आपण गिळत होतो.
कोणी विचारत नाही.
यशोधरेनं विचारलं.
बाटली उन्हात धरली, हलवली,
मग ओठ मिटूनच बोलली, तिची सवय आहे ती,
"दातातलं पण असं निघते का?"

मी बॅटरीवाला.
प्लेट गेली तर प्लेट बदलतो.
तिला म्हटलं, वर जा, पेटीत पाणी भर,
वरच्या खुणेपर्यंत, सांडू नको.

आता त्यांच्याकडे ते पाणी माठात ओततात.
रात्रभर मातीजवळ राहिलं की
सकाळी थोडी चव शिकलेलं असतं म्हणे.
आणि मी पत्र्याच्या दुकानात
दुसऱ्या पेटीचं माप देऊन आलोय.
काच मात्र नवी घ्यावी लागेल,
कोरी, अक्षरं नसलेली.

रात्री दहाला वीज गेली.
ओळीतले सगळे कूलर एकदम गप्प.
गच्चीवर खाट टाकून पडलो होतो,
सिमेंट अजून पाठीला चटके देत होतं.
सूर्य जाऊन तीन तास झालेले.
आणि अंधारात, उशाशी,
कॅनमध्ये
टप्प.
बराच वेळ काही नाही.
झोप लागता लागता
पुन्हा.