काळी शेवटी

जानेवारीतलं ग्वाल्हेर. हजिऱ्याच्या पुढे
धुक्यात दुकानांच्या पाट्या अर्ध्याच वाचता येत होत्या.
गाडी ढकलत आणलेली, दोन पोरं आणि मी.
चावी फिरवली की नुसतं टक्. पुन्हा टक्.
टाळूला जीभ लावून कुणी नाही म्हणावं तसं.

छिद्दी उस्तादानं बोनेट उचलून पाहिलं.
"बैटरी भली है. ये लाल वाली सड़ गई."
प्लसच्या डोक्यावर मोरचूद फुललं होतं,
हिरवट-निळं, जवळजवळ सुंदर.

मग तो उलट्या डब्यावर बसला, चहा घेऊन,
आणि म्हणाला, "पाना उठाओ, बाई. मैं बताता हूँ."
मला वाटलं, थट्टा करतोय.
मग त्याच्या ग्लासातला चहा दिसला,
वारा नसताना काठाकाठाशी हिंदकळणारा,
आणि मी पाना उचलला.

"पहले अंगूठी."
एकोणीस वर्षं न निघालेली,
ग्रीस लावून, पिळून पिळून काढली.
ती मुठीत घेत त्यानं आपलं बोट दाखवलं.
मुळाशी एक पांढरं कडं, कातडीचंच.
प्लस आणि बॉडीच्या मधे आली होती त्याची,
लग्नाला तेव्हा आठवडा झाला होता.
"सोने का कुछ नहीं बिगड़ा," म्हणाला.

आधी काळी सोडायची. काळी सुटली
की गाडीच्या सगळ्या लोखंडाला आपण परके.
मग लाल. ओढली तर आतलं तांबं
भुगा होऊन तळहातावर आलं.

नवी वीतभर जास्तच घ्यायला लावली त्यानं.
"इंजन हिलता है, बाई. तनी हुई टूटेगी."
खाली सेल्फच्या बोल्टवर तिचा गोल डोळा,
वर स्प्रिंग वॉशर, नट.
दिसत काहीच नव्हतं, बोटांनीच शोधायचं.
नट दोनदा पडला.
दोन्ही वेळा तो चहाकडे बघत राहिला.
सायलेन्सरपासून चार बोटं लांब, पट्टीत अडकवून वर,
आणि जाड खुंटीवर लाल.
प्लसची खुंटी जाडच असते,
घाईतल्या माणसाला चुकताच येऊ नये
असं कुणाला तरी वाटलं असणार.
व्हॅसलीन. रबरी टोपी.
"अब काली. काली हमेशा आख़िर में."
एक ठिणगी, उवेएवढी.

चावी.
गाडी अशी बोलली
की पलीकडचा पंक्चरवाला ट्यूब सोडून बघू लागला.

छिद्दी उस्ताद उठला. मडगार्डवर पंजा टेकला,
इंजिन तपासायला म्हणून.
पत्रा थरथरत होता, त्यावर हात होता,
आणि त्यातली कुठली कुणाची
ते सांगणं अवघड होतं.
जरुरीपेक्षा बराच वेळ त्यानं तो तिथे ठेवला.

गोला का मंदिरच्या चौकात गिअर बदलताना
बोट हलकं लागलं.
परत वळवली.
तो रस्त्याच्या कडेलाच उभा होता, धुक्यात,
मूठ पुढे करून.
मिटलेली मूठ जराही हलत नव्हती.