पाहून आलेलं शून्य

चार हजार ओळी, चार हजार स्तंभ.
उत्सयोकीच्या वरचा सगळा उघडा डोंगरमाथा
मी एका नावात ठेवला आहे.
एक कोटी साठ लाख चौकटी,
भरलेल्या, एकेचाळीस.
बाकीच्यांना यंत्र जागाच देत नाही.
एकदाच लिहून ठेवतं, उरलेलं सारं शून्य,
आणि विषय संपवतं.

माझी भाषा उजवीकडून वाचायची.
एका ओळीत अख्खा हिवाळा मावतो.
हिल्क्का म्हणते, शाईत पडलेली माशी
कागदावरून चालत गेलीय.

मार्चमध्ये आन्तेचा फोन.
स्कीवर तीस किलोमीटर,
दोन रात्री लाकडी निवाऱ्यात,
ध्रुवीय कोल्ह्याचं जुनं बीळ,
ओळ १२०७, स्तंभ ३३१८.
बर्फ उकरून खांद्यापर्यंत हात घातला म्हणाला.
केस नाही, हाड नाही,
वाससुद्धा नाही.
"शून्य लिही."
मी लिहिलं.

रात्री साफसफाईची आज्ञा चालते:
शून्याइतकं असेल ते यादीतून काढ.
सकाळी यादीत पुन्हा एकेचाळीसच.
कुणी म्हणेल, आन्ते हात हलवत आला.
पण तो तर काहीतरी घेऊन आला होता,
आणि ते मीच टाकून दिलं,
जिथं कुणी गेलंच नाही त्या पांढऱ्यात.

मग मी मोकळ्या जागेचा आकडा बदलला.
शून्य नको, उणे एक.
"नाही" वेगळं, "माहीत नाही" वेगळं.
एवढा एक आकडा फिरवला
आणि न तुडवलेला सगळा बर्फ
एका क्षणात दुसरा झाला.
आन्तेचं शून्य पुन्हा लिहिलं. टिकलं.
त्याआधीची, इतर वर्षांची, इतर माणसांची
कुठं कुठं होती, आता कोण सांगणार?

शुक्रवारी हिल्क्काने सवयीने बेरीज मागितली.
एकूण कोल्हे:
उणे एक कोटी एकोणसाठ लाख
नव्याण्णव हजार नऊशे.
ती इतकी हसली की कॉफी कळफलकावर.
"आपल्याला देणं लागतात," म्हणाली,
"एवढे कोल्हे."

बेरीज मी दुरुस्त केली, त्यात काही विशेष नव्हतं.
न पाहिलेलं आधी बाजूला काढायचं, एवढंच.

एप्रिलमध्ये परत आन्ते.
"ते माझं शून्य अजून आहे?"
आहे, बेचाळीसावं.
"मग परत जाऊन बघतो,"
म्हणाला, आणि मागे कुत्रं भुंकलं.