बघण्यासारखं काही नाही

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
माझी एक बंद खोली आहे,
भिंतींना आतून करडा स्पंज, एकच जाड काच.
मी लोकांचे कान तपासते.
बीप ऐकू आली की बटण दाबा,
दिवसातून पंधरा-वीस वेळा एवढंच बोलते.

म्हाकू कोकरे आले तेव्हा मार्च संपत होता.
घोंगडी बाहेर ठेवा म्हटलं,
तर म्हणाले, ती काय बोलतीय व्हय?
आत बसले. मी आवाज चढवत नेला.
डाव्या कानाला काहीच नाही,
उजव्याला एकदा, तेही बहुतेक अंदाजानं.
बाहेर येऊन म्हणाले,
"झ्याक हाय बाई तुमची खोली. आमच्या माळावानी गप."
मग जोडा घालता घालता,
"पर वारं न्हाई."

एप्रिलच्या एका रविवारी स्वारगेटला
खिडकीतल्या माणसानं गावाचं नाव दोनदा विचारलं
आणि तिसऱ्यांदा माझ्याकडेच बघितलं.
कंडक्टरनं तिकीट फाडताना सांगून ठेवलं,
फाट्यावर सोडतो, पण तिथं बघण्यासारखं काही नाही.
सासवड गेलं. जेजुरीला चढलेली माणसं
कपाळभर पिवळी, पुढच्या दोन गावांत उतरून गेली.
फाट्यावर मी एकटीच.
बंद टपरी. बाभळीला लोंबणारी
सुगरणीची गेल्या साली सोडलेली घरटी.

आणि माळ.
कसा होता, असं मैथिलीनं नंतर विचारलं
तेव्हा मला फक्त मोजे आठवले,
कुसळांनी इतके भरलेले की तिथंच काढून टाकले.

लिंबाखाली तीन वीरगळ, तेल पिऊन काळे.
खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला उचलून नेतायत,
वर पिंडीपुढं हात जोडून तो, कोण तो, नाव नाही.
एकाच्या कडेला खोल गुळगुळीत खाच.
कोयत्याला इथंच धार लावतात, म्हाकूतात्या म्हणाले,
त्याची काही तक्रार नसते.
लढाईतल्या माणसाला धारेचं काय वाटणार.

मी पिशवीतून आवाज मोजायचं यंत्र काढलं.
अठ्ठावीस. वारा आला की एकतीस.
पुण्यात रात्री तीन वाजताही
माझ्या खिडकीत हा आकडा कधी दिसलेला नाही.
"काय म्हनतंय ते?"
मी बोटांनी खूण केली: गप, सगळं गप.
"खोटं बोलतंय. गप असतं
तर कुत्रं झोपलं असतं."

कुत्रं झोपलं नव्हतं.
त्याचा डावा कान किंचित वळला,
म्हाकूतात्यांची मान त्याच बाजूला वळली,
आणि मग, खूप उशिरा, माझी.
गवतात गवताच्याच रंगाची चिंकारा,
शेपूट तेवढी काळी, सारखी हलणारी.
तिनं आम्हाला मोजलं: एक, दोन, कुत्रं.
पळाली नाही. चालत गेली.
माझ्या दोन्ही कानांचा अहवाल नॉर्मल आहे,
दरवर्षी मीच काढते.

दुपारी भाकरी, ठेचा, मेंढीच्या दुधाचा चहा.
ते फारसं बोलले नाहीत. मीही नाही.
एकदा म्हणाले, मालकीण होती तवा
तिचं बोलनं ऐकू यायचं.
मग काठीनं मातीत उगाच एक रेघ ओढली
आणि तिच्यावरून एक मुंगळा जाईपर्यंत
आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.

मशीनसाठी सवलतीचा अर्ज मी नेला होता.
घडी घालून त्यांनी तो परत दिला,
कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून.
अजून ड्रॉवरमध्ये आहे, सहीची जागा कोरी.
मी आणखी आग्रह करायला हवा होता का,
हे ठरत नाही.

मैथिली म्हणते, लोकेशन पाठव ना,
पुढच्या सुट्टीत आम्ही सगळे जाऊ,
तंबू, स्पीकर, सगळं आहे आमच्याकडे.

मी नकाशा उघडला. त्या जागी नुसता करडा रंग,
एक नाव नसलेला रस्ता.
तिथं बघण्यासारखं काही नाही गं, मी म्हटलं,
अगदी कंडक्टरच्या आवाजात.

मग पुढच्या पेशंटला आत बसवलं.
बटण हातात दिलं.
स्पंजला एक कुसळ रुतलेलं दिसलं. तसंच राहू दिलं.